हणमाची उटी

दिग्विजयचा ट्रेलर रविवारी सकाळी वर डांबरीला येऊन थांबला, तेव्हा आकाराम आबा लिंबाखाली खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी मान वर केली नाही. शहाऐंशीव्या वर्षी डोळ्यांना आता समोर माणूस आहे की खांब एवढंच कळायचं. कान मात्र शाबूत होते.

"मागचं एक चाक हवा टाकतंय त्याचं," ते म्हणाले. "सांगा त्याला, न्हाईतर कडेगावात बसंल पाना घिऊन."

ट्रेलरचा ड्रायव्हर जयराज उतार उतरून वस्तीवर आला होता. तो हसला. मग उगीच शंका नको म्हणून परत वर गेला आणि एकेक चाक ठोकून आला. आला तेव्हा हसत नव्हता. "बराबर हाय आबा," एवढंच म्हणाला, आणि चपला काढून मग खाटेजवळ गेला.

आबांचा थोरला दिग्विजय हे बघत उभा होता. एक्कावन्न वर्षांचा गडी, चाळीस गाड्यांचा मालक. गुरुवारी इस्लामपूरजवळ हायवेला त्याच्या नव्या आवाराचं उद्घाटन होतं. आवाराच्या दारात त्यानं चौथरा बांधून घेतला होता आणि त्या चौथऱ्यावर घराण्याची पहिली गाडी चढायची होती. दिवाळीपासून सगळं ठरलेलं. इंजिन काढायचं, चाकं काँक्रिटात पक्की करायची, वर रंग, खाली दिवे. फक्त एका माणसाला कुणी विचारलं नव्हतं, आणि गाडीची चावी नेमकी त्याच्याच करदोट्याला होती.

"आबा, चावी द्या. जयराज वायररोप लावून वर ओढून घेतोय."

"ओढून?"

"मग? हितनं डांबरीपतुर चढ केवढा हाय ते तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"मेलेलं जनावर ओढत्यात, दिग्या. ती जिती हाय. रव्यानं दोन म्हैनं घातल्यात तिच्यात. आपल्या चाकावर जाईल वर. मग तुझ्या ट्रेलरवर चढव, न्हाईतर डोक्यावर घे."

रव्या म्हणजे धाकटा रविराज, विट्यात गॅरेज चालवणारा. तो शेडच्या दारात हात पुसत उभा होता. इंजिन काढायचं म्हटल्यापासून त्यानं भावाशी बोलणं टाकलं होतं. दोघांना एकमेकांना काही सांगायचं असलं की ते दिग्विजयच्या बायकोला, मायाला सांगत, आणि ती बिचारी चार पावलांवर उभ्या असलेल्या दुसऱ्याला तेच परत सांगे. दिवाळीपासून तिचा घसा दुखत होता.

"वहिनी, दादाला सांगा, गाडी चढंल. मी चढवतो."

"ऐकलं मी," दिग्विजय म्हणाला. "माया, त्याला सांग, हातबिरेक कुठंय त्या गाडीला? अर्ध्यात थांबली तर?"

"आता तुमचं तुमी बघा," माया म्हणाली. "मला तर वाटतंय मामंजी म्हणत्यात तसं होऊ द्या. चालत जाऊ दे तिला." दिग्विजयनं बायकोकडं असं पाहिलं की जणू ती दुसऱ्या ट्रान्सपोर्टला जाऊन मिळाली.

रविराजनं शेडचे पत्रे बाजूला केले. आत ती उभी होती. नाकवाली बेडफर्ड. लष्कराच्या लिलावातली, पुढं लांब नाक, लाकडी केबिन, दारांना काचा नाहीत, स्टिअरिंगचं चाक परातीएवढं. घरात सगळे तिला नाकवालीच म्हणत. प्रांजल, दिग्विजयची मुलगी, सांगलीत इंजिनिअरिंग करत होती. तिनं ही गाडी जन्मापासून पाहिली होती, पण ऊन अंगावर घेऊन उभी असलेली पहिल्यांदाच पाहिली. तिला वाटलं, आपण हिच्याशी जरा जपून बोलायला हवं.

जयराज बोनेटवरून हात फिरवत गाडीभोवती एक चक्कर मारून आला. केबिनच्या मागं त्याला लाकडात ठोकलेला एक लोखंडी आकडा दिसला, रिकामा. "ह्यो कशाचा?"

"हणमाचा," आबा खाटेवरून म्हणाले.

हणमा घरात सगळ्यांना माहीत होता. दिग्विजय आणि रविराज त्याच्या गोष्टी ऐकत जेवले होते, प्रांजलही. जयराजला माहीत नव्हता, म्हणून आबांनी बशी खाली ठेवली. प्रांजलला कळलं की आता घाट चढल्याशिवाय आबा थांबायचे नाहीत.

"भात्तर सालचा दुष्काळ," आबा म्हणाले. "सांगलीतनं वर्धमानशेठची हळद भरायची, पुण्यात टाकायची. येताना गोदामातनं मिलो. लाल दाणा, सरकारचा. हितं माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत हुती, त्यांच्या पोटाला. खंडाळा सोडलं की खंबाटकीचा घाट. भरलेली गाडी, पैला गिअर, माणसाच्या चालीनं. बानट उघडं, वर वलं पोतं. तरी दर वळणाला पाणी उकळायचं. पाणी उकळलं की थांबा. थांबलं की गाडी मागं सरकणार, कारण हातबिरेक नावाला. आन् मागं काय? दरी."

"मग वो?"

"मग मधी हणमा, माझा किन्नर, गाडीवरचा क्लीनर. मागच्या चाकासंगं पळायचा, हातात बाभळीची उटी, चाकाला लावायचा ठोकळा. गाडी जरा दम तोडायला लागली की हाळी द्यायचा. ती हाळी माझ्या कानावर यायच्या आत ठोकळा चाकाखाली बसलेला असायचा. खालनं वरपतुर बावीस डाव. एक डाव चुकला न्हाई गड्या. एक डाव चुकला असता तर ही पोरं झाली नसती."

जयराज महिन्यातून दहा वेळा तो घाट चढत होता, केबिनमध्ये गार हवा सोडून, गाणी लावून. "पळत?" त्यानं विचारलं. "आख्खा घाट?"

"सात खेपा. त्या एका वर्सात."

प्रांजलच्या फोनमध्ये चौथऱ्यावरच्या पाटीचा मजकूर तयार होता. चालक आकाराम, किन्नर हणमा. इस्लामपूरचा पेंटर सकाळपासून दोनदा फोन करून गेला होता. "आबा, हणमाचं गाव तेवढं सांगा ना. मागं खंडाळा म्हणालात, मग आटपाडी, परवा जत."

"फिरता गडी हुता," आबा म्हणाले आणि रिकामीच बशी उचलून प्यायले.

आबांची बायको हरणाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. ऐंशीला टेकलेल्या, पण अंग अजून ताठ. वीस वर्षांमागं मेंढरं विकली तेव्हापासून त्या फारशा बोलत नसत. त्यांच्या पाठीशी दार उघडं होतं, आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याच्या पायाशी एक काळा लाकडी ठोकळा होता. घरातल्या प्रत्येकाच्या पायाला तो एकदा तरी लागलेला. मायानं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अंगठा फोडून घेतला होता आणि ठोकळा चुलीत घालायला निघाली होती. तेव्हा सासूबाई आयुष्यात एकदाच तिच्यावर ओरडल्या होत्या.

आबांनी करदोट्याची चावी सोडली आणि रविराजच्या हातावर ठेवली. मग जयराजच्या खांद्याला धरून स्वतःही केबिनमध्ये चढले, डावीकडं बसले.

पहिल्या खेपेला नाकवाली शेडमधून बाहेर आली आणि दहा पावलं चढली. तिचा आवाज असा की लिंबावरचे कावळे उडाले. दिग्विजय नको नको म्हणत होता, तरी कान देऊन उभा राहिला. लहानपणी तो या आवाजानं जागा व्हायचा. आज त्याच्या गाड्या कुठं आहेत हे त्याला फोनवर ठिपक्यात दिसतं. तेव्हा बाप चार मैलांवर आहे हे सगळ्या वस्तीला नुसत्या कानांनी कळायचं.

चढाच्या पायथ्याशीच गाडी अडली आणि मागं सरकली. जयराजनं धावत जाऊन दोन मोठे दगड मागच्या चाकांना लावले. गाडी थांबली.

"दगुड काढ."

सगळ्यांनी वळून पाहिलं. हरणाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. शेंगांचं सूप जमिनीवर होतं.

"आज्जी, दगड नाही लावला तर गाडी शेडात जाईल," प्रांजल म्हणाली.

"काढ म्हणतीया न्हवं. गाडी निघून जाती, दगुड रस्त्यात ऱ्हातो. मागनं येणाऱ्या कुणाच्या तरी लेकराच्या चाकाखाली येतो. ह्या गाडीला कवा दगुड लावला न्हाई."

"आये, तुला काय म्हाईत गं गाडीचं?" दिग्विजय वैतागून म्हणाला.

केबिनमधून आबांचा आवाज आला, अगदी साधा. "बराबर बोलतीया ती. दगुड न्हाई चालत. हणमाची उटी असती तर काम झालं असतं. पर आता कुठली मिळायची? लय वर्सं झाली."

हरणाबाईंनी केबिनकडं पाहिलं. आबा समोरच्या काचेतून आभाळाकडं बघत होते, ज्या आभाळातलं त्यांना काहीही दिसत नव्हतं.

"म्हातारपणी लय शाना झालायसा," हरणाबाई म्हणाल्या.

"मी काय बोललो का? आण घेतलीया मी. एक सबुद बोललो न्हाई आजपतुर."

"कुणाची आण? कसली?" रविराजनं विचारलं.

हरणाबाई क्षणभर उभ्या राहिल्या. त्यांना त्या वेळी काय वाटलं हे त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, पण ते फार मोठं काही नव्हतं. त्यांना राग आला होता, आणि पायांना आपोआप हुरूप चढला होता. त्या वळल्या, वाकल्या, आणि दाराखालचा ठोकळा ओढून काढला. दार धाडकन आपटलं. मग त्यांनी कोपऱ्यातली दावणीची दोरी घेतली आणि ठोकळ्याच्या भोकातून ओवली. त्या भोकात प्रांजल लहानपणी गोट्या टाकायची. ते कशासाठी आहे हे तिनं कितीदा विचारलं होतं, आणि आज्जीनं दर वेळी किड्यानं पाडलंय म्हणून सांगितलं होतं.

दोरीचं टोक हरणाबाईंनी मनगटाला दोन वेढे देऊन बांधलं. पदर खोचला. मागच्या चाकाशी जाऊन ठोकळा जागेवर बसवला आणि जयराजचे दोन्ही दगड एकेक करून बांधाला टाकले.

"आये, बाजूला हो!" दिग्विजय ओरडला. "अंगावर येईल ती गाडी!"

"तू हो बाजूला. माझ्या आन् चाकाच्या मधी यिऊ नगंस."

मग त्यांनी गाडीच्या मागच्या फाळक्यावर थाप मारली. दोन थापा, एकाला लागून एक.

आत केबिनमध्ये आबा ताठ बसले. बावन्न वर्षं झाली होती त्या दोन थापांना. "सोड," ते रविराजला म्हणाले. "पैल्यातच ऱ्हा. आवाज ऐक, काटं बघू नगं. मागची काळजी करू नगं. मागं हाय."

नाकवाली चढायला लागली. माणसाच्या चालीनं, आणि चाकाच्या बाजूनं ऐंशी वर्षांची बाई तितक्याच चालीनं. हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला ठोकळा, चाकाच्या वीतभर मागं घसटत येणारा. त्यांचे डोळे चाकावरून हलत नव्हते. जयराज, दिग्विजय, माया सगळे दोन्ही बाजूंनी चालत होते. प्रांजलनं चित्रण करायला फोन वर धरला होता, पण तिचा हात कधी खाली आला ते तिला कळलं नाही.

अर्ध्या चढावर रविराजचा क्लच चुकला. इंजिनानं एक आचका दिला आणि बंद पडलं. एवढी शांतता झाली की चाकाखाली खडा फुटल्याचं ऐकू आलं. गाडी मागं यायला लागली.

"हुर्रर्रर्र हाऽऽ!"

ती हाळी मेंढरं वळवायची होती. समोरच्या टेकाडापर्यंत गेली आणि परत आली. आणि ती परत येण्याआधी ठोकळा चाकाखाली बसला होता. लाकूड कुरकुरलं. गाडी उभी राहिली.

प्रांजल ती हाळी पहिल्यांदा ऐकत होती. तरीही तिला ती ओळखीची वाटली, कारण आबांनी गोष्ट सांगताना शंभरदा मारून दाखवली होती. हणमा असा ओरडायचा. हुर्रर्र हा. "बाबा," ती म्हणाली. "बाबा, हणमा."

दिग्विजयला ते आधीच कळलं होतं. तो गाडीच्या पुढं गेला आणि नाकात हँडल घातलं, कारण बॅटरी एका दमातच संपली होती. चाळीस गाड्यांचा मालक धुळीत गुडघा टेकून बसला.

"दादा, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव," केबिनमधून रविराज म्हणाला. "उलटं मारलं तर मनगाट जाईल."

"व्हय रं. तू क्लच संभाळ."

मायानं दोघांकडं पाहिलं आणि घशावर हात ठेवला. दिवाळीपासूनचं तिचं काम त्या क्षणी सुटलं.

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धरलं. दोन थापा पडल्या. पुढं आणखी दोनदा गाडी अडली, दोनदा हाळी आली, आणि दोन्ही वेळा कुणीही दचकलं नाही. नाकवाली डांबरीवर चढली, सपाटीला लागली, आणि हरणाबाईंनी फाळक्यावर एकच थाप मारली. रविराजनं इंजिन बंद केलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. हरणाबाई रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर टेकल्या. धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता.

"मी सांगितलं न्हाई," आबा केबिनमधून उतरताना म्हणाले. "तूच सांगितलंस. बिरोबा साक्षी हाय."

"आज्जी, हणमा तूच?"

"मग कोण?" हरणाबाई म्हणाल्या. "ह्यांचा किन्नर तापानं पडला. दाणा पुण्याला पडून. किन्नराबिगार घाट चढता येत न्हाई, आन् हितं चुली थंड. मी म्हणलं, दोनशे मेंढरं वळवती, एक गाडी वळवता येत न्हाई व्हय? ह्यांचं धोतर नेसलं, पटका बांधला."

"आणि घरात कुणाला कळलं नाही?"

"धनगराची बाई धा दिस दिसली न्हाई तर कोण इचारतंय? मेंढरांमागं गेली आसंल म्हणायचं. सासूबाईला कळलं असतं तर मेंढरांसंगट मलाबी बाजारात हुबी केली असती. म्हणून ह्यांच्याकडनं बिरोबाची आण घेतली."

"एकीला कळलं हुतं," आबा म्हणाले आणि हसायला लागले. "सांग की."

"सांगा तुमीच. आता काय ऱ्हायलंय."

"सांगलीत वर्धमानशेठच्या पेढीवर हळद भरत हुतो. शेठचं वडील भाईर आलं. थोर माणूस. ही काय करती? वडीलधारं माणूस दिसलं म्हणून पटकन डोक्यावर पदर घ्यायला गेली. पदर कुठला? पटकाच वढला कपाळावर! आख्खा सुटून खाली. केस ह्ये एवढं."

"राजमतीअक्का दारात हुत्या," हरणाबाई म्हणाल्या. "शेठच्या आई. त्येंनी बघितलं. एक सबुद न्हाई बोलल्या. नुसतं म्हणाल्या, हणमा, भाईर ऊन लय हाय, तू आत येऊन जेव. तवापसनं दर खेपेला मी त्यांच्या सैपाकघरात जेवली. ऱ्हाईलेल्या चार खेपा. पटका बांधायचाबी त्येंनीच शिकवला, घट्ट."

जयराज डोळे पुसत होता आणि ते लपवत नव्हता. त्यानं खाली वाकून हरणाबाईंच्या पायाला हात लावला. "आज्जी, सात खेपा पळत. मी त्यो घाट परत चढंन तवा गाणी न्हाई लावणार."

"लाव की. गाण्यानं झोप येत न्हाई."

दिग्विजय अजून लांब उभा होता. त्याच्या हातात हँडल तसंच होतं. "आये, सातच का? आठवी का न्हाई केलीस?"

हरणाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. आबांनीही मान वळवली, कारण हे त्यांनाही कधी सांगितलेलं नव्हतं.

"सातव्या खेपेला वळणावर वकारी आली," त्या म्हणाल्या. "तवा कळलं. तू हुतास. म्हणून उटी ठिवली."

दिग्विजयनं एकदा खंबाटकी घाटाच्या दिशेला पाहिलं, जो घाट इथून कुठंच दिसत नव्हता, आणि एकदा गाडीकडं. मग तो आईच्या शेजारी जमिनीवरच बसला. पोटात असल्यापासून आपण हा धंदा करतोय, हे त्याला एक्कावन्नाव्या वर्षी कळत होतं, आणि त्या कळण्यापुढं चाळीस गाड्या फार लहान झाल्या होत्या.

"पण नंतर तरी सांगायचं ना आज्जी," प्रांजल म्हणाली. "पणजी गेली, सगळं बदललं. आम्ही नुसतं हणमा हणमा करत राहिलो."

"त्याच्यामुळंच तर," हरणाबाई म्हणाल्या. "तवर हणमा लय मोठा झाला हुता. ही दोन पोरं त्याचं नाव घेतल्याबिगार झोपायची न्हाईत. रव्या तर म्हणायचा, मी मोठा झालो की हणमाला शोधून आणणार. मी दाराशी बसून ऐकायची. त्याला मारायचं माझ्या जिवावर आलं."

रविराज गाडीच्या पायरीवर बसून रडायला लागला, अगदी उघडपणे, लहानपणी रडायचा तसा. दिग्विजय उठला आणि त्याच्याजवळ गेला.

"रव्या, इंजिन काढायचं न्हाई."

"आन् चाकं? काँक्रिटात गाडणार हायस न्हवं?"

"कशाला? उटी हाय की."

प्रांजलचा फोन वाजला. पेंटर होता, तिसऱ्यांदा. तिनं आज्जीकडं पाहिलं. "पाटीवर काय लिहायला सांगू? हणमाचं नाव काढू?"

"काढू नगंस," हरणाबाई म्हणाल्या. "दोघांचंबी लिव." मग जरा थांबून, "पैलं माझं."

खाली वस्तीवर स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटलं, परत उघडलं, परत आपटलं. हरणाबाई उठल्या. मनगटावरची दोरी सोडली, तिचा नीट वेटोळा केला, आणि टाचा उंच करून ठोकळा केबिनमागच्या रिकाम्या आकड्याला अडकवला. तो पहिल्या खेपेलाच बरोबर बसला.

"माया," त्या हात झटकत म्हणाल्या, "दाराला आता दुसरं कायतरी लाव गं."